शनिपल्याडकर आणि माझा दोडका

३ फेब्रुवारी, मंगळवार

'शनिपल्याड'चा तिसरा सीझन संपला. कप्तान यामिनीला यानाबाहेर लटकवून ठेवलंय मेल्यांनी — प्राणवायू अकरा मिनिटांचा! आता वर्षभर माझ्या घशाखाली घास उतरायचा कसा?

आणि आजच नेमके यात्रेकरू. पुण्याच्या इंदूताई आणि त्यांचा दाढीवाला बाळ्या. ह्यांनी दशाश्वमेधावर त्यांच्याकडून सगळे विधी करून घेतले, मग पानं आमच्याकडे. जेवताना बाळ्याचा फोन तेरा वेळा वाजला, तेरा वेळा तो पानावरून उठला. काशीला आलं की आवडीचं काहीतरी सोडायचं, तर म्हणे, "कारलं सोडतो." तीस वर्षं हेच ऐकतेय — कारलं, शेपू, भोपळा! गंगामाई काय खुळी आहे? भात वाढता वाढता सुनावलं, "जे जिवाला चिकटलंय ते सोडा की! ज्याच्यापायी आईकडे बघायला फुरसत नाही, ते!" इंदूताई पदराआड हसल्या. संध्याकाळी दोघं पुन्हा घाटावर गेली. काय सोडलं कोण जाणे.

मी स्वतः लग्न होऊन आले तेव्हा दोडका सोडला होता. मला दोडका बघवतसुद्धा नाही. पण हे या पानाबाहेर जायचं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

घात झाला! विश्वजीत सरंजामे मालिका सोडून गेला. लिहिणारा तो, कुणी जगायचं कुणी मरायचं ठरवणारा तो — आणि दोन ओळींचं निवेदन टाकून पसार! बरं, या माणसाचा फोटोही कधी कुणी पाहिलेला नाही. शिव्या द्यायच्या तरी कुठल्या तोंडाला?

'शनिपल्याडकर' ग्रुपवर हलकल्लोळ. स्वरदा — नाशिकची, आमची पुढारी — हिने काळा डीपी लावला, मग सगळ्यांनी लावला. माझा बघून ह्यांनी विचारलं, "कौन गया?" म्हटलं, "घरचंच माणूस." उठून आंघोळीला निघाले की हो!

२० फेब्रुवारी

सुशांत लिहितो, "गेला ते बरंच झालं, रटाळ झालं होतं." ग्रुपमधून काढला त्याला. पाच मिनिटांनी परत घेतला — भांडायला कुणीतरी हवं.

२२ फेब्रुवारी, रविवार

नवा लेखक सांगतोय, यानात आता यामिनीची सासू येणार. सासू! शनीच्या पलीकडेसुद्धा सुटका नाही! स्वरदा व्हॉइस मेसेजमध्ये ढसाढसा रडली. कुणी म्हणतं चॅनलने हाकललं, कुणी म्हणतं नटीशी वाजलं. मी जाहीर करून टाकलं — विश्वजीतला ज्याने फितवलं तो सापडू दे, पलीकडे रामनगरला जाणाऱ्या नावेत बसवते आणि गंगेत मधोमध ढकलून देते! एकशे बारा अंगठे आले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

विश्वजीतची मुलाखत आली. फोटोसकट.

दाढी. बाळ्या!!

"काशीला जेवू घालणाऱ्या एका काकू म्हणाल्या, जिवाला चिकटलंय ते सोडा. पाण्यात उभं राहून मालिका सोडली." हातातलं लाटणंच पडलं माझ्या.

ग्रुप पेटलाय. "कोण ही भवानी?" आणि स्वरदा — "सुनीतीकाकू, तुम्ही काशीच्याच. शोधून काढा तिला!" मी अंगठा पाठवला. दुसरं काय करणार? कळलं तर हाकलतील मला. घरात दिवसभर "काकू, भात", "काकू, वरण". ही पोरं तेवढी विचारतात, काकू, तुम्हाला काय वाटलं? चार वर्षांत एक सकाळ त्यांच्यावाचून उजाडली नाही माझी.

ह्यांना विचारलं, सोडलेलं परत घेता येतं का हो? ह्यांनी चष्मा काढला. गंभीर झाले की हिंदीत बोलतात. "गंगाजी में छोड़ा हुआ वापस नहीं होता, सुनीती."

२८ फेब्रुवारी

ह्यांच्या वहीतून इंदूताईंचा नंबर काढला. लेकाला समजवा, पाया पडते, असं म्हणणार होते. पण तोंड उघडायच्या आत त्याच सुरू झाल्या — "सुनीतीताई, नऊ वर्षांनी आम्ही दोघं एका वेळी जेवतोय हो. काल त्याने मला सुईत दोरा ओवून दिला. मला दिसत नाही, हे त्याला आत्ता कळलं." मागून बाळ्याचा आवाज — "आई, कारलं करपतंय!"

यामिनीचं नाव ओठाशी आलेलं गिळलं. फोन ठेवून खूप रडले. यामिनीसाठी रडले आणि त्या सुईसाठीही.

१ मार्च, रविवार

ग्रुपवर लिहिलं, "ती भवानी मीच. यामिनीची माफी मागते, इंदूताईंच्या बाळ्याची नाही." आणि कुणी काढायच्या आत, आपणहून, ग्रुप सोडला.

दुपारी दोडक्याची भाजी केली. पानात वाढून घेतली. हे बघतच राहिले — "अगं, तू दोडका सोडलायस ना?"

म्हटलं, "वापस नाही घेतला. बदलून घेतला."