मातीवरचे दोन हिवाळे

आधी माझी तक्रार, मग बाकीचे. त्र्याऐंशी साली आपण क्रिकेटचा कप जिंकल्यापासून दर शुक्रवारी माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, माझ्या नातवाचे पुढे काय होणार ते बाहेरची माणसे ठरवतात. एक म्हणतो, इंडियाकडून खेळणार. दुसरा म्हणतो, असे छप्पन्न पाहिले. कपबश्या मी धुते, पण मला कोणी विचारत नाही. म्हणून मरणाच्या कागदात सांगते. हा वाचताना तरी मध्ये कोणाला तोंड घालता येणार नाही.

मी, आल्बिना, पास्कू तुस्कानो यांची विधवा, मूळ राहणार मौजे गास, तालुका वसई, हल्ली मुक्काम मनामा, बहरैन, मुलगा कॉर्नेलियस याच्या घरी, वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण मराठी तिसरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू पाहणारा माणूस सत्त्याहत्तर साली वारला, आणि त्यालाही ते जमले नव्हते.

१. मी बहरैनमध्ये मेले तर इथेच पुरावे. पेटी विमानात घालून गावाला तमाशा दाखवू नये.

२. माझी कानातली सोन्याची कापे व पोवळ्यांची माळ सून जोसेफीन हिला द्यावी, कारण तिने कधी मागितली नाही. लाल लुगडी गासला माझ्या नणंदेकडे पोचवावी. माझ्या लग्नात ती म्हणाली होती, "काळ्या अंगावर लाल शोभत नाही." आता तिने नेसून दाखवावे.

३. कपडे धुवायचे माझे लाकडी धोपाटणे. इथे मशीन आल्यावर ते नातू युस्टेस याने पळवले आणि कॉरिडॉरमध्ये बॅट केली. चार वर्षांचे पोर, पण चेंडू बरोबर मध्यावर घेत असे. शेजारचे ओरडत, मी त्यांच्यावर ओरडत असे. हे धोपाटणेही जोसेफीनकडे राहावे. पोराच्या डोक्यात कधी हवा गेली तर तिला उपयोगी पडेल.

४. आता मुख्य. गासचे घर, विहीर व मागची केळीची वाडी माझ्या एकटीच्या नावावर आहे. कॉर्नेलियसला ते विकून वांद्र्याला फ्लॅट घ्यायचा आहे आणि युस्टेसला इंजिनिअर करायचे आहे. यात वाईट काही नाही. कॉर्नेलियस चांगला मुलगा आहे. पण इस्पितळात दिवसभर हाडांचे फोटो काढतो, त्यामुळे त्याला सगळीकडे मोडलेलेच दिसते.

मी म्हटले, "पोराला दोन वर्षे खेळू दे."

तो म्हणाला, "आई, अकरा जागा आहेत. आणि मुंबईत बॅट धरणारी पोरं समुद्राच्या वाळूइतकी. त्यातली निम्मी याच्याएवढीच चांगली असतील. मग?"

त्याचा हिशेब बरोबर आहे. ते इथे कबूल करून पुढे लिहिते.

गेल्या जुलैत आम्ही रजेवर गावी गेलो. गल्फच्या माणसाला रजा शाळेच्या सुट्टीत, म्हणजे भर पावसातच मिळते. कॉर्नेलियसने ओळख काढून मुंबईच्या एका क्लबाच्या पावसाळी सामन्यात युस्टेसला उभे केले. आता इथे बहरैनमध्ये तो खेळतो कशावर? माळावर सिमेंटची पट्टी, तिच्यावर काथ्याची चटई, चारी बाजूंनी खिळे ठोकून ताणलेली. तिच्यावर चेंडू छातीपर्यंत उडतो. तिथे चिखल. चेंडू पडला आणि रुतल्यासारखा थांबला. याची बॅट आधीच फिरून गेलेली. झेल उडाला, शून्य. कॉर्नेलियसने तिथल्या तिथे सांगून टाकले, "खलास. हा चटईवरचा राजा." बहरैनला परतल्यावर पोराने बॅट पलंगाखाली ढकलली ती तिथेच राहिली.

रजेवर आलेल्या माणसाला वसईत पाऊसच दिसतो. त्याला वाटते, तिथे बारा महिने चिखलच असतो. ही चूक आम्ही सगळ्यांनी केली. सुकी, कडक, गवत कापलेली माती पोराने अजून पायाखाली घेतलेलीच नाही, आणि निकाल मात्र लागून गेला.

मग या जानेवारीत परदेशाचा एक पाहुणा संघ आला. इथल्या क्लबाचे सेक्रेटरी शरच्चंद्र पोंक्षे, बँकेत हिशेबनीस, माणूस पुण्याचा पण बरा, सकाळी दारात येऊन उभे. "मावशी, एक गडी आजारी पडला. युस्टेसला सोडा." मी पलंगाखालून बॅट काढली, धूळ पुसली आणि पोराच्या हातात दिली. मटणाचा डबा घेऊन मीही गेले. इतकी वर्षे बहरैनमध्ये काढली, पण मैदान पहिल्यांदा पाहत होते. कॉर्नेलियस शेजारी उभा होता, हाताची घडी घालून.

पाहुण्यांत एक उंच, वयाने उतरलेला गोलंदाज होता. मोठमोठ्या देशांविरुद्ध खेळून आलेला, असे शरच्चंद्रने सांगितले. तो पळत आला. चेंडू मला दिसला नाही, आवाज तेवढा आला. युस्टेसच्या बरगडीत बसला. कॉर्नेलियसने डोळे मिटले. मी मिटले नाहीत. पोरगा वाकला, थुंकला, आणि परत त्याच जागी जाऊन उभा राहिला. एक बोट मागे नाही.

पुढचा चेंडू तसाच आला. आणि माझ्या पोराने, ज्याचे नाक मी पुसले आहे, त्याने घाई केली नाही. आम्हाला जो चेंडू दिसत नव्हता, त्याची तो वाट पाहत होता! नुसती बॅट पुढे आणली. चेंडू गोलंदाजाच्या बाजूने सरळ गेला आणि मोटारींच्या चाकांत जाऊन थांबला. गोलंदाज कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत राहिला. माझ्या अंगावर काटा आला तो डबा उघडेपर्यंत गेला नाही. मी वादळात बुडाली म्हणून सांगितलेली होडी परत येताना पाहिली आहे, तेव्हा गुडघे टेकले होते. इथे गुडघे टेकत नाहीत म्हणून उभी राहिले, एवढेच. हे आमच्या घरात कुठून आले? पास्कूला सरळ खिळा मारता येत नव्हता.

जेवताना शरच्चंद्रने त्या गोलंदाजाला विचारलेच, "हा पुढे खेळेल का?" त्याने मटण मागून घेतले आणि इंग्रजीत काही सांगितले. शरच्चंद्रने मला मराठीत समजावले ते असे: या वयात याच्यासारखे सुंदर खेळणारे त्याने देशोदेशी पुष्कळ पाहिले. त्यातले काही कुठे गेले कोणाला ठाऊक नाही. मोठ्या सामन्यात कोण टिकेल ते हातावरून कळत नाही. याला मातीवर पाठवा, दोन हंगाम मार खाऊ द्या. आज जो हो म्हणेल तो खोटा, आणि नाही म्हणेल तोही खोटा.

एवढ्या शुक्रवारांत माझ्या चहावर इतके खरे कोणी बोलले नव्हते.

परतताना गाडीत मी युस्टेसला विचारले, "लागलं तेव्हा भ्यालास का रे?" याला मराठी सगळे कळते, पण उत्तर इंग्रजीतच देतो. "यस आजी. आय वॉज स्केअर्ड." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "बट आय वॉन्टेड वन मोअर." म्हणजे भीती वाटत होती आणि तसलाच आणखी एक हवा होता. आमच्या कुळात भित्रे झाले, शूरही झाले. भिऊन वर आणखी मागणारा मी पाहिला नव्हता. कॉर्नेलियस गाडी चालवत होता. त्याने ऐकले.

म्हणून ठरवते की, माझ्यामागे गासचे घर कॉर्नेलियसचेच, पण युस्टेसचे दोन हिवाळे संपल्यावर. तोवर ते विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये. पाऊस संपल्यापासून आंबे येईपर्यंत युस्टेसने तिथे राहावे आणि सुक्या मातीवर खेळावे. कॉलेजही तिथूनच करावे, ते चुकणार नाही. बँकेत माझे जे काही असेल त्यातून त्याचे जेवण आणि खिळ्यांचे बूट, कारण चटईवरचे रबरी बूट मातीवर घसरतात असे ऐकते. तो शून्यावर बाद झाला म्हणून त्याला कोणी परत बोलवू नये. दोन हिवाळ्यांनी जमले नाही तर "मी सांगितलंच होतं" हे वाक्य या घरात उच्चारू नये. उच्चारणाऱ्याला केळीच्या वाडीतले एक पानही मिळणार नाही.

५. या कागदाप्रमाणे सर्व करून घेण्याचा अधिकार जोसेफीनला देते. नवऱ्याशी भांडण होईल. तिने करावे. मी चाळीस वर्षे केले, मेले नाही.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला. चुका माझ्या, अक्षर गुडघ्यांसारखे. खालील दोघांसमोर सही केली व त्यांनी माझ्यासमोर केली. दोघांनाही यातले काही मिळणार नाही, चहा मिळाला.

सही: आल्बिना पास्कू तुस्कानो

साक्षीदार: शरच्चंद्र विनायक पोंक्षे
साक्षीदार: अ‍ॅलिस डाबरे, परिचारिका, शेजारीण

मनामा, बहरैन. शुक्रवार, १५ फेब्रुवारी १९८५.

सहीनंतर आठवले ते: युस्टेस इंडियाकडून खेळेल का, असे यापुढे कोणी विचारले तर कॉर्नेलियसने नाही म्हणू नये, शरच्चंद्रने हो म्हणू नये, आणि जोसेफीनने मेणबत्ती लावून देवालाही विचारू नये. उत्तर एकट्या युस्टेसने द्यायचे, दुसरा हिवाळा संपल्यावर. आणि मराठीत द्यायचे.