लायसन्सवरची गेलेली तारीख

३ ऑक्टो., शुक्र.
न्यूझीलंडच्या क्लिनिकचा मेल आला. नोकरी पक्की! पण घरोघरी जाऊन फिजिओथेरपी द्यायची, म्हणजे गाडी चालवता आलीच पाहिजे. इथलं लायसन्स चालेल. अट एकच: निदान दोन वर्षं जुनं हवं, आणि मूळ कार्डावर तसं दिसायला हवं. माझं सतरा वर्षं जुनं. हुश्श.
कार्ड सापडलं देवघरात. परवा आयुधपूजेला आईनं कारची किल्ली, माझा व्यायामाचा मोठा चेंडू आणि लायसन्स, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. चांगलं ओलं कालवून.

४ ऑक्टो.
डाग जाईना म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर चोळलं. डाग गेला. तारीखही गेली. फोटोतला माझा एक कानही. शहाणपणा माझा, बोलणी खाल्ली आईनं. "देवाचं लावलं, त्यात काय चुकलं ग माझं?" काही नाही चुकलं. तरी बोललेच.

७, मंगळ.
घरून, म्हणजे जयनगरहून, आरटीओ. पाऊण तास सिग्नलना. डुप्लिकेट मिळेल, पण त्यावर मागच्या वर्षीच्या नूतनीकरणाची तारीख. म्हणजे क्लिनिकच्या लेखी मी वर्षापूर्वी गाडी शिकले!
"पहिली तारीख?" कानडी क्लार्कला विचारलं.
"सिस्टिमनल्ली इल्ला, मॅडम."
सिस्टिममध्ये नाही. मग कुठे? जुन्या रजिस्टरात. रजिस्टर कुठे? त्यानं वर पाहिलं. मीही पाहिलं. वर पंखा होता.

९, गुरु.
हेब्बाळहून अण्णाचा फोन. थोरला भाऊ, सगळ्यावर एकच औषध: एजंट. एजंट म्हणतो, नवीनच काढा, सोपं. अहो, नवीन काढलं तर तारीख आजची! तीनदा समजावलं. चौथ्यांदा माझं मलाच कळेना.
कार्डाची झेरॉक्स होती, ती क्लिनिकला पाठवली. उत्तर: झेरॉक्स नको, आरटीओचं सहीशिक्क्याचं पत्र हवं. मुदत शुक्र. ३१. नाहीतर जागा दुसऱ्याला.

१५, बुध.
"नाळे बन्नी." उद्या या. हे आज चौथ्यांदा. दर वेळी इतक्या गोड आवाजात की भांडायची सोय नाही.

१८, शनि.
बीन्स निवडता निवडता आई म्हणाली, "नाही सापडलं तर बरंच." आणि लगेच, "तसं नव्हे ग, सापडू दे." एका दमात दोन्ही.
मी ताडकन उठून आत गेले. राग कसला आला, सांगता येत नाही. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी गेल्यावर ती अण्णाकडे जाणार, सगळं ठरलंय. ठरलंय म्हणजे मी आणि अण्णानं ठरवलंय. तिला विचारलं होतं का? आठवत नाही, आणि अण्णाला विचारायची हिंमत होत नाही.

२७, सोम.
क्लार्क आतून आला तो शर्टावर धूळ, चेहऱ्यावर आनंद. "सिक्तु, मॅडम!" सापडलं. पिवळ्या पानावर माझं नाव, सतरा वर्षांपूर्वीची तारीख, सगळं ठळक. बिचाऱ्यानं खरंच शोधलं होतं.
मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दोनदा थँक्यू म्हटलं, म्हणजे त्याला कळायला नको.

२९, बुध.
पत्र मिळालं. सही, शिक्का, तारीख. स्कॅन केलं, मेल लिहिला, जोडला. पाठवायचंच बाकी होतं, तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली.
"सापडलं का ग रजिस्टर?"
"शोधतायत अजून."
असं का म्हणाले मी? तोंडातून निघून गेलं. खरं सांगायला अजून वेळ होता, ताट पुढ्यात होतं, ती समोर बसली होती. नाही सांगितलं.
"शोधू देत सावकाश," ती म्हणाली, आणि न विचारता आणखी भात वाढला. मीही नको म्हटलं नाही.
मेल तसाच आहे. मुदत परवापर्यंत.