पाणवठ्यापाशी थांबलेली बस

१९ मार्च, गुरुवार, दुपार

प्रिय वन्संना,

नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? पाळणाघरातली कार्टी कडेवर घ्या म्हणून भोकाड पसरतात, तुम्ही लगेच विरघळता आणि मग आठवडाभर शेक घेत बसता. त्यांना सरळ सतरंजीवर बसवत जा. इकडे तुमच्या भाचीची नोकरी कायम झाली. तिला रजा मिळालीय, उद्या ती घरी येईल.

फोन असताना हिने पत्र कशाला खरडलं, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुमचा आवाज कानावर पडला की माझ्या तोंडून आपोआप ‘सगळं छान चाललंय’ असं निघून जातं. जीभच तशी वळलीय. म्हणून कागद घेतला. हे आत पडलेत, मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं येईल, सांभाळून घ्या.

रविवारी आम्ही सहलीला गेलो होतो. शहराबाहेर जंगली प्राण्यांचं मोठं उद्यान आहे. तिथे प्राणी मोकळे फिरतात आणि माणसांना जाळीच्या बसमध्ये कोंडून फिरवतात. आमच्या ग्रुपमधल्या शिंपीणबाईंनी हट्टच धरला होता. म्हणाल्या, “आयुष्यभर कॅलेंडरावरचा वाघ बघितला, एकदा खरा बघू द्या रे.” हे ड्रायव्हरना म्हणाले, “यांना वाघाचं माप घ्यायचं असेल.” ड्रायव्हर म्हणजे ह्यांचे शेजारचे. म्हणजे शेजारच्या पलंगावरचे. जन्मभर ट्रक चालवला त्यांनी.

ही सहल आधी दोनदा ठरून मोडली होती. एकदा दोघंतिघं दवाखान्यात भरती झाले. दुसऱ्यांदा तर ज्यांनी गाडी ठरवली होती तेच राहिले नाहीत.

वन्सं, असा कुठला ग्रुप, म्हणून तुम्ही एव्हाना कागद खाली ठेवला असेल. मी आणखी फिरवून फिरवून सांगत नाही. डायलिसिसचा ग्रुप आहे.

तुम्ही दिलेली किडनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली.

हे वाक्य मी मनात कितीतरी वेळा लिहून खोडलंय. औषधं चुकली नाहीत, पथ्य मोडलं नाही. साध्या तापाचं निमित्त झालं, आणि शरीराने ती परकी ठरवली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, यात कोणाचा दोष नाही. पण तुमचा भाऊ घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला, आणि संध्याकाळी उठून पहिलं बोलणं काय, तर “अक्काला कळता कामा नये. तिने पोट फाडून दिली आणि मला सांभाळता आली नाही.” मला शपथ घातली. मी गेल्यावर सांग म्हणाले.

म्हणून व्हिडिओ फोनवर ते सारखे पूर्ण बाह्यांच्या शर्टात दिसायचे. दंडावर सुया टोचून दोरखंडासारख्या शिरा फुगल्यात, त्या दिसू नयेत म्हणून. तुम्ही दर वेळी हसत विचारायचात, “गुंड्या, माझं पार्सल कसं आहे रे?” आणि हे म्हणायचे, “मजेत आहे. खातंय, पितंय.” फोन ठेवला की हे गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मी मागे जायची नाही.

तर रविवार. नळ्या लावणारी, मशीन बघणारी जी मुलगी आहे ना, तिने स्वतःची सुट्टी मोडून सगळ्यांना नेलं. आदल्या दिवशीच सगळ्यांची मशीन झालेली, त्यामुळे मंडळी जरा तरतरीत होती. सगळ्यांकडे आपापली छोटी बाटली, मोजून भरलेली. ह्या आजारात पाणी बाहेर पडत नाही, अंगात साठतं, छातीत चढतं. म्हणून दिवसाला दोन फुलपात्री पाणी, औषधाच्या गोळ्याही त्यातच. उन्हाळ्यात हे बर्फाचा खडा गालात धरून बसायचे, लहान मुलासारखे.

वाघ दिसला. म्हणजे वाघाची पाठ दिसली. झुडपात आडवा पडला होता, तो काही आमच्याकडे वळला नाही. ड्रायव्हर ओरडले, “एवढ्या लांबून आलो, आणि हा आमच्या मेव्हण्यासारखा पाठ करून झोपलाय!” शिंपीणबाई हसता हसता खोकल्या. ह्यांनी खिडकीच्या जाळीला कपाळ टेकवलं होतं. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल दिसला. मला वाटलं, बरं झालं आलो.

पुढे एक पाणवठा होता. हरणांचा कळप आला होता, म्हणून गाडीवाल्याने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. आणि मग त्यांच्या पिण्याचा आवाज यायला लागला. लप लप, घुटके घेतल्याचा. बसमध्ये कोणी हलेना. ज्यांच्यासाठी पाणी म्हणजे विष झालंय, ती सगळी माणसं जाळीला तोंड लावून त्या हरणांच्या हलणाऱ्या गळ्यांकडे टक लावून बघत होती. शिंपीणबाई ओठांवरून जीभ फिरवत होत्या, त्यांना स्वतःला कळतही नव्हतं.

ह्यांनी माझ्या पिशवीत हात घातला. मी माझ्यासाठी मोठी बाटली आणली होती, गार पाण्याची. झाकण काढलं आणि तोंडाला लावली.

“अहो, काय करताय!” मी हात धरला.

त्यांनी माझा हात बाजूला केला. हळूच. अर्धी बाटली संपवली, श्वास घेतला, पुन्हा लावली. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडत होतं. सगळी बस वळून बघत होती. बाटली रिकामी करून झाकण लावलं, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “कालचं शेवटचं होतं. मंगळवारी मी येणार नाही.”

मशीनवाली मुलगी उठून आली. तिला आधीच ठाऊक होतं, वन्सं. डॉक्टरांनाही. हृदय दमलंय. गेले कितीतरी दिवस मशीनवर बसवलं की रक्तदाब खाली कोसळतो, डोळे फिरतात, पायात गोळे येतात, अर्ध्यातून काढावं लागतं. हे डॉक्टरांशी एकटे जाऊन बोलून आले होते. डॉक्टरांनी समजावलं, पुन्हा विचार करा म्हणाले, मग मान्य केलं. माहीत नव्हतं ते फक्त मला. म्हणाले, “घरी सांगितलं असतं तर तू भांडली असतीस. इथे माणसं आहेत.”

मी रडेन त्याआधी ड्रायव्हरच उठले. तोल जात होता, सीटची दांडी धरून उभे राहिले. “असं आमच्यासमोर नका करू,” म्हणाले. आवाज चिरकला होता. “तुम्ही मोकळे झालात. आम्हाला मंगळवारी जायचंय. तुमचा पलंग रिकामा बघत चार तास पडायचंय मला.”

हे म्हणाले, “माफ करा, ड्रायव्हर.”

“माफ बिफ काही नाही! गप्प बसा तुम्ही!” असं म्हणून ते खाली बसले, रुमाल तोंडावर घेतला. शिंपीणबाईंनी आपली छोटी बाटली पदराखाली लपवली. का लपवली कोण जाणे. गाडीवाल्याने विचारलं, “निघायचं का?” त्याने गाडी सुरू केली तसा कळप उधळला.

घरी येऊन मी भांडले. खूप भांडले. मुलीची शपथ घातली, तुमचं नाव घेतलं. म्हटलं, वन्संनी दिलेली वाया घालवली म्हणता ना, मग हे काय करताय? तेव्हा ते पलंगावर बसले आणि बोलले. म्हणाले, “अक्कामुळे मी लिफ्ट दुरुस्तीला पुन्हा खोबणीत उतरलो. सहा वर्षं हातात पाना धरून काम केलं, कोणावर ओझं नव्हतो. पोरीचं शिक्षण माझ्या डोळ्यांदेखत पुरं झालं. ते सगळं तिचंच. हे मशीनवरचं मात्र माझं नाही, तुझंही नाही. माझ्या अंगात आता काही उरलं नाही गं.”

मंगळवारी सकाळी मी तरी नेहमीची पिशवी भरली. चादर, टॉवेल, बिस्किटं, कानटोपी. तिथे फार गार असतं. दारात जाऊन चप्पल घातली. हे खुर्चीत बसून होते, अनवाणी. म्हणाले, “पिशवी ठेव. चहा कर, मीपण घेईन, कपभरून.” मी चप्पल काढली. चहा केला. दोघांनी घेतला. ह्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा कप भरून घेतला असेल. मी त्यांचा एकेक घोट मोजत होते, आणि त्यांचं आपलं, “साखर बेताची पडलीय, छान झालाय.”

आता पाय सुजलेत. चेहराही. रात्री आडवं होता येत नाही, उशा लावून बसवते. डॉक्टरांनी धाप कमी करायचं औषध दिलंय, त्याने आराम पडतो. पुढे ग्लानी येईल म्हणाले, जास्त करून झोपूनच राहतील. आज सकाळी बोलता बोलता मध्येच डोळा लागला.

काल ड्रायव्हर आले होते. तासभर ह्यांच्या पायाशी बसले. रागावलेलेच होते, पण हात ह्यांच्या पायावर होता. जाताना दारात मला म्हणाले, “बहिणीला कळवलंत?” मी नाही म्हणून मान हलवली. म्हणाले, “माझी बहीण असती आणि तिला मागाहून कळलं असतं, तर तिने मला मेल्यावर शिव्या घातल्या असत्या. बरोबरच असतं तिचं.”

म्हणून मी शपथ मोडतेय. ह्यांना विचारलेलं नाही, सांगितलेलंही नाही.

हे पत्र घेऊन आलेला माणूस ड्रायव्हरांचा जावई. तुमच्या गावची बस तोच चालवतो. दुपारी परत निघतो. तुमचं वाचून होईपर्यंत त्याला आत बसवा. त्याच्या मागची खिडकीची सीट तुमच्यासाठी धरून ठेवलीय. पाळणाघर कोणावर तरी सोपवा. जास्त सामान घेऊ नका, माझ्या साड्या आहेत.

तुम्ही काय बोलायचं ते मी सांगणार नाही. दोन वर्षं फसवलंत म्हणून मला फाडून खायचं असेल तर स्वयंपाकघरात या, दार लावून घेऊ, हवं ते बोला. ह्यांना मशीनवर जा म्हणून समजवावंसं वाटलं तर तेही करा. मी करून थकले. पण त्यासाठी बोलावत नाहीये. लहानपणी म्हणे तुम्हीच ह्यांना पायावर घालून न्हाऊ घालायचात. आज सकाळी अंग पुसताना मला एकटीला ह्यांचं ओझं उचलवेना, आणि हे मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, “अक्का, पाणी फार गरम आहे.”

डोळे उघडले की त्यांना अजून माणसं ओळखू येतात. तेवढ्यात या.

तुमची वाट बघणारी,
तुमच्या गुंड्याची बायको