गोळीविना सहा आठवडे

३ मार्च, सोमवार
बीपीची गोळी आजपासून बंद! अठरा वर्षं घेत होते. जानेवारीत न्हाणीघरात चक्कर येऊन पडले, कंबर धरली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बीपी फारच उतरतंय, गोळी जास्त होतेय. महिनाभर अर्धी दिली. आता तीही नाही. सहा आठवडे रोज मोजायचं, दीडशेच्या वर गेलं तर फोन करायचा.

दवाखान्यातून निघताना मी कोट चढवत होते. माझ्या नवऱ्याला, रादिसावला, वाटलं मला ऐकू येत नाही. दारात हळूच विचारलं त्याने, "आता तिला सांगता येईल का?" त्या म्हणाल्या, "सहा आठवडे जाऊ द्या. आकडे नीट राहिले तर सांगा."
मी बटणं लावत राहिले.

४ मार्च
१३१–७८. काही वाटत नाही.

९ मार्च, रविवार
आजही वोयिनचा फोन नाही. माझा धाकटा भाऊ. चाळीस वर्षं दर रविवारी, जेवणं झाली की त्याचा फोन — "काय गं म्हातारे, आहेस ना?" फेब्रुवारीच्या मध्यापासून बंद. मी केला तर लागत नाही. रादिसाव म्हणतो, त्याच्या गावी, पिरोतकडे डोंगरात बर्फ पडलाय, फोनच्या तारा तुटल्यात. इथे क्रुशेवात्समध्ये आलुबुखाराला फुलं यायला लागली!

आमच्याकडे बीपीच्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. सगळं घर मिळून लपवतं. मीच नाही का केलं? नणंद जर्मनीत वारली तेव्हा सासूबाईंना वर्षभर कळू दिलं नाही. तिच्या नावाने पत्रं मी लिहायची, वाचूनही मीच दाखवायची. शेवटचं पत्र त्यांनी उघडलंच नाही, उशीखाली ठेवलं. का, ते मी विचारलं नाही.

१५ मार्च
खालच्या मजल्यावर झागोर्काकडे कॉफी. तिच्या मशीनवर जिन्यातल्या सगळ्याजणी बीपी मोजतात, जिचं चढलेलं तिला दुसरी आपली गोळी देते. माझं १२९ निघालं. झागोर्का म्हणाली, "बघा, कशी घोडीसारखी झालीय!" सगळ्या हसल्या. मी सहज म्हटलं, वोयिनचा फोन नाही हो बरेच दिवस. कपबशा वाजायच्या थांबल्या. मग एकजण कोबीच्या लोणच्यावर बोलायला लागली, आणि बाकीच्याही त्यावरच बोलत बसल्या.

२२ मार्च, शनिवार
रादिसाव सकाळी काळा सूट घालून निघाला. गाडी दाखवायला म्हणे! मेकॅनिककडे कोण सूट घालून जातं? दुपारी तीनला परतला. अंगाला धुपाचा वास. कोटाच्या कॉलरवर पिठीसाखर.
माणूस गेल्यावर चाळीसाव्या दिवशी उकडलेल्या गव्हावर घालतात ती.
मी हाताने झटकली. म्हटलं, "छान दिसतोस." त्याने मान फिरवली.
मी लाल स्वेटर घातला होता. माझ्या भावाच्या चाळीसाव्याला मी लाल स्वेटर घालून भोपळी मिरच्या भाजत बसले होते.

२३ मार्च
१२६–७४. रडू नाही आलं. येईल म्हणून वाट पाहिली, मग भांडी घासली.

५ एप्रिल
१२४. चक्कर नाही. तीन जिने चढले, पिशवीसकट. सगळे खूश. रादिसाव मात्र प्रत्येक चांगल्या आकड्याला आणखी वाकतो. बिचारा. दिवस मोजतोय, मीही मोजतेय.

अजून कोणी बोललेलं नाही. कोणी बोललं नाही तोवर वोयिन डोंगरात आहे, तार तुटलीय, एवढंच. मला बाकी काही नको.

१३ एप्रिल, रविवार
उद्या सहा आठवडे पुरे. रादिसावने झागोर्काला सकाळी येऊन बसायला सांगितलंय. ओट्यावर साखरेच्या पाण्याचा पेला आत्ताच तयार, वर बशी झाकून. धक्का बसलेल्याला देतात तो. त्याचा कोट खुंटीला लावताना आतल्या खिशात कडक कागद लागला. काळ्या चौकटीचा असणार, कोणी गेलं की दारावर चिकटवतात तसला. वोयिनचा फोटो कुठला घेतला असेल? मी काढून पाहिला नाही.

१४ एप्रिल, सोमवार
रादिसाव समोर बसला. झागोर्का दाराशी. त्याला चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत, चष्मा सापडत नव्हता. माझ्या एप्रनच्या खिशात होता.
मशीन थांबलं. १२८–७६.
मी म्हटलं, "एकशे ब्याऐंशी."
त्याचा हात आतल्या खिशाकडे गेला होता, तो बाहेर आला. कोटाचं बटण लावलं. झागोर्काने श्वास सोडला. तो म्हणाला डॉक्टरीणबाईंना फोन करतो. मी म्हटलं नको, गोळी घेते, उतरेल. जुन्या डबीतली अख्खी घेतली. साखरेच्या पाण्याबरोबर.
थोड्या वेळाने तो खिडकीकडे बघत म्हणाला, "वोयिनचा निरोप आलाय. विचारत होता तुला."
"बरा आहे ना?"
"बरा आहे."

१५ एप्रिल
सकाळी न्हाणीघरात अंधारी आली. भिंत धरून उभी राहिले. आजचीही घेतली.
वोयिन बरा आहे.