मुदतीआधी सोडलेले दुकान

मी, श्रवणयंत्रांचा विक्रेता, वय वर्षे एकसष्ट, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाचे तसे नाही, उद्या सकाळी त्याचीच शस्त्रक्रिया आहे. दर दोन ओळींनी उठून खिडकीशी जातो. अक्षर बिघडले असेल, तर तो जिवाचा घोर समजावा.

१. आधी देणे. एका मोठ्या कंपनीची शाखा मी नऊ वर्षांच्या कराराने घेतली आणि चौथे वर्ष संपताच सोडली. करारानुसार माझी अनामत बुडाली. उरलेल्या पाच वर्षांची किमान फी कंपनी भरपाई म्हणून मागते आहे. वर दोन वर्षे हाच धंदा करण्यास मनाई. तीही पाळली, शिल्लक मोडून खाल्ली, घराच्या कर्जाचे हप्ते बायकोच्या पगारातून गेले. या कराराला माझी थोरली बहीण जामीन आहे. मी गेलो की मागणी तिच्या दारात जाईल. म्हणून सर्वांत आधी दुकानाचा माझ्या मालकीचा गाळा विकून ताईला मोकळे करावे. तोवर वाटणीचा शब्दही कोणी काढू नये.

२. मी दुकान का सोडले, हे ताईने कधी विचारले नाही. इथे सांगतो. एक म्हातारे शिंपी आले होते. त्यांच्या कानात नुसता मळ होता. मी त्यांना डॉक्टरकडे पाठवले. हे कळताच कंपनीचा विभागीय साहेब दुकानात आला.

"मळ काढायला पाठवलात, मग मशीन कोणाला विकणार?"

"पण त्यांना ऐकू येतंय आता."

"तुम्हाला दुकान चालवायचंय की धर्मादाय दवाखाना?"

त्याच संध्याकाळी मी नोटीस लिहिली. भरपाईचे कलम माहीत होते, रागाच्या भरात कानाआड केले. बायको एवढेच म्हणाली, "तत्त्वं तुमची, आणि हप्ते माझे?"

३. राहते घर आणि बँकेत उरेल ते सर्व पत्नीला, पूर्ण मालकीने. कान तपासण्याची यंत्रे मुलीला. तिचे त्याच विषयाचे शिक्षण संपत आले आहे. तिने दुसऱ्याच्या नावाची पाटी शक्यतो लावू नये. लावलीच, तर सहीआधी कराराचे शेवटचे पान वाचावे.

४. ही कंपनी माझ्या गळ्यात बांधून दलाली घेणाऱ्या मेहुण्याला कंपनीची उतरवलेली पाटी देतो. न्यायला टेम्पो लागेल. भाडे त्याचे त्याने द्यावे.

५. गेल्या आठवड्यात कंपनीने तडजोड सुचवली: 'दुकान माझ्या नालायकीमुळे बंद पडले' असे लिहून दिल्यास निम्मी रक्कम माफ. मी सही केली नाही. ताई म्हणाली, "अरे, लिहून दिलंस तर अंगाला भोकं पडतील का तुझ्या?" बायकोने हप्त्यांची वही उघडून माझ्यासमोर ठेवली. ते जास्त लागले. आताही लिहिता लिहिता पेन दोनदा त्या कागदाकडे गेले आणि परत आले.

माझ्यामागे या मृत्युपत्राची अंमलबजावणी पत्नीने करावी. तडजोडीच्या त्या कागदावर माझ्या वतीने सही करायची की नाही, हे तिने एकटीने ठरवावे. केली, तर कोणी तिला बोल लावू नये. माझा हट्ट मी कोणाच्याही नावे केलेला नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, खाडाखोड तशीच ठेवली आणि दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही: (विक्रेता)
साक्षीदार: शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)
साक्षीदार: आमच्या घरच्या डॉक्टरबाई (सही)
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, बुधवार