अर्धा इंच पाणी

१२ मार्च २०२५

नळ आला!

सकाळी साडेसातला तोटी आधी खोकली, मग लाल पाणी थुंकली, आणि मग जी सुटली — बादली उडते की काय! अस्मिताने नळाला हळद-कुंकू वाहिलं. मी ओंजळभर प्यालो. चव? पाण्याला असते तीच. पण स्वतःच्या नळाचं पाणी प्यायला मला बावन्न वर्षं लागली. आजवर सगळी घरं भाड्याची, सगळे नळ घरमालकांचे. "मोटर बंद करा हो!" ही हाक ऐकतच अख्खा संसार झाला. आता हाक मारणारा मी!

पाण्याची मोठी लाइन आमच्याच रस्त्याने गेली आहे. प्लंबर म्हणाला, "सर, नशीबवाले आहात. मागच्या गल्लीत लाइनच नाही."

नशीब कसलं! प्लॉट निवडायला डोकं लागतं.

पूर्वेला तीन फुटांची पट्टी सोडली होती, तिच्यावरही आज फरशी बसून झाली. राखाडी, खरखरीत, पाय न घसरणारी. तिच्यावरून उगाच चालत राहिलो. चार फेऱ्या.

मागच्या प्लॉटवरचा म्हातारा टँकरमधून ड्रम भरत होता. रुपराव. ह्या लेआउटची सगळी जमीन एकेकाळी त्याची. विकली, एक कोपरा ठेवला, त्यात दोन खोल्या. एवढी जमीन विकूनही माणूस ड्रम भरून राहिला! एकेकाची हौस.

१७ मार्च

विजेचा अर्ज भरला. 'वापर' ह्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं. तीन वेळा वाचलं.

२१ मार्च

खांब चुकीच्या बाजूला आहे!

म्हणजे खांब आपल्या जागी बरोबर उभा आहे, घर चुकलं. वायरमन प्रशिक जागा बघून गेला. पाणी आमच्या रस्त्याने, वीज मागच्या गल्लीने, आणि मधे रुपरावाचा प्लॉट. तार त्याच्या अंगणावरून आणायची तर त्याची लेखी ना-हरकत पाहिजे.

"आणि नाही दिली तर?"

"तर नवीन खांब, सर. आधी मंजुरी, मग खांब, मग तार. टेन्शन काहून घेता? दिवाळीपर्यंत हो जाएगा."

दिवाळी! भाड्याचं घर तीस एप्रिलला सोडायचंय. त्याच दिवशी अक्षय तृतीया, त्याच दिवशी गृहप्रवेश. घरमालकाने पुढचा भाडेकरू ठरवूनही टाकला. आणि आई एक्याऐंशीची. गेल्या मे महिन्यात दोन तास वीज गेली, तर तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. बांधकाम जनरेटरवर झालं. आईला जनरेटरवर ठेवता येत नाही.

मौद्याला एवढी वीज बनते, कुठं कुठं जाते. माझ्या घराच्या चाळीस पावलं अलीकडे येऊन तिला एका म्हाताऱ्याची सही लागते!

२२ मार्च

नाही गेलो.

२३ मार्च

अस्मिता म्हणाली, "लोकांवर लिहिता येतं, लोकांच्या घरी जाता येत नाही का?"

घरात पेपरात लिहिणारा मी. वाक्यं हिची जास्त चांगली.

२४ मार्च

गेलो. आणि जिंकून आलो!

रुपरावांनी बाजेवर बसवलं. सून हर्षा पाणी घेऊन आली. मी पेला उचलला, तर म्हणते, "सांडू नका, काका. टँकर आता परवाच येते." मी हसलो. ती नाही हसली.

मी प्रस्तावना सुरू केली — शेजार, सहकार्य, आईचं वय. रुपरावांनी अडवलं.

"कागद आनला?"

"आणलाय."

"मंग द्या इकडे. तार वरूनच जाते ना?"

"वरूनच. चांगली वीस फूट वरून."

"जाऊ द्या मंग. पाखरं बी जातेच."

चष्मा लावून कागद दोनदा वाचला, आणि सही! मी भांडायची तयारी करून गेलो होतो. सगळे मुद्दे खिशातच राहिले.

निघताना म्हणाले, "साहेब, तुमचा एक लेख हाये माह्यापाशी. कापून ठेवला."

मी उभाच राहिलो. "कोणता?"

"अर्धा इंचवाला."

'अर्धा इंच'! बारा वर्षं दर रविवारी पेपरात लिहितोय, सगळ्यात जास्त फोन त्या लेखाला आले. दोन वर्षं झाली त्याला. कुठल्याशा अर्जात एक वाक्य हाती लागलं होतं — "माझे अर्धा इंच पाणी कोणास त्रास देणार नाही, याची मी हमी घेतो." पाण्याच्या चालचलणुकीचा दाखला! अर्ज कुणाचा, कुठल्या नळाचा, काही आठवत नाही. वाक्य तेवढं आठवतं. वाक्यच कामाचं होतं. त्यावर सगळा लेख रचला — आज अर्धा इंच शिरेल, उद्या वैनगंगा येईल, परवा म्हणेल घाट बांधून द्या!

तिथंच उभ्या-उभ्या दोन परिच्छेद म्हणून दाखवले. रुपराव शेवटपर्यंत ऐकत होते. हसले नाहीत. खेड्यातली माणसं आतल्या आत हसतात.

"मामाजी, औषध घ्याची वेळ झाली," असं म्हणत हर्षा त्यांना आत घेऊन गेली.

घरी आल्यावर अस्मिताला सांगितलं, "बघ, ड्रम भरणारा माणूससुद्धा माझं कात्रण जपून ठेवतो!"

ती म्हणाली, "मग आपल्या नळावरून भरू द्या ना त्यांना ड्रम. फोर्स एवढा आहे."

म्हटलं, एकदा दिलं की पायंडा पडतो. (हेही त्या लेखात आहे.)

७ एप्रिल

वीजजोडणीच्या पैशांची डिमांड भरली. पावती आईला दाखवली. तिने कपाळाला लावली.

१६ एप्रिल

मीटर!

प्रशिक खांबावर, मी खाली मान वर करून. तार घासू नये म्हणून रुपरावांनी त्यांच्या कडुनिंबाची एक फांदी कालच उतरवून ठेवली होती. मी सांगितलंही नव्हतं. दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर मीटर बसलं. आत बारीक लाल दिवा लुकलुकतो. जाता-येता त्याच्यासमोर थांबतोय, ओळखीचं कुणी भेटल्यासारखा.

प्रशिक म्हणाला, "सर, आता लिहा आमच्यावर!"

म्हटलं, वेळेवर काम करणाऱ्यावर काय लिहिणार? माझं पोट कसं भरायचं?

पहिलं बटण आईने दाबलं. मग ती खोल्या-खोल्यांतून दिवे लावत सुटली आणि मी सवयीने मागून बंद करायला. दुसऱ्या खोलीत लक्षात आलं — काहून बंद करतोय मी? भर दुपारी सगळं घर लखलखीत! जरीपटक्याहून आणलेल्या वाळ्याच्या ताट्या कूलरला लावल्या. पाणी आमच्या नळाचं, वीज आमच्या मीटरची, वारा आमचा. आई समोर बसली, डोळे मिटले.

"आता कोणी बंद करा म्हणणार नाही ना रे?"

"कोणी नाही, आई."

बावन्न वर्षांचा घोडा मी, गच्चीवर जाऊन रडलो. लिहायला हरकत नाही. हे पान कुणी वाचत नाही.

१९ एप्रिल

पेढे घेऊन रुपरावांकडे गेलो. म्हटलं, ते कात्रण द्या जरा, गृहप्रवेशाला चौकट करून लावतो.

त्यांनी फाईल काढली. वर त्यांच्या अर्जाची प्रत, दोन वर्षांपूर्वीची. प्लॉट सतराच्या मालकास. म्हणजे मला. आपल्या प्लॉटच्या पूर्वेच्या काठाने नळाची लाइन नेऊ द्यावी. माझे अर्धा इंच पाणी कोणास त्रास देणार नाही, याची मी हमी घेतो.

त्याला टाचलेला माझा लेख.

"उत्तर आलं होतं ना तुमचं," रुपराव म्हणाले. "म्हून अर्जाले जोडून ठेवलं."

पेढा त्यांनी घेतला. अर्धा मोडून हर्षाला दिला.

पूर्वेची फरशी उखडायला उद्या सकाळी माणूस बोलावला आहे.