काळूची भूल

४ फेब्रु., बुध.
खर्च : ज्वारी ५ किलो, २२५. काळूचं सलाइन, १८०. मऊ भातही ओकला. कुत्रा भाऊजींचा, ह्यांच्या थोरल्या भावाचा. नर्मदा परिक्रमेला निघताना साखळी हातात देऊन म्हणाले, "सुमन, मी येईपर्यंत ह्याला सांभाळ." फोन घरीच ठेवून गेले. पंधरवड्याला कार्ड यायचं. महिना झाला, नाही.
काळूच्या पोटात काही अडकलंय. उद्या भूल देऊन कॅमेऱ्याची नळी घालणार.

५, गुरु. संकष्टी.
उपास दोघांनाही. भोसरीच्या दवाखान्यात आधी मांडीत झोपेचं इंजेक्शन. "हे दिलं की घाबरत नाहीत, काकू. भूलही कमी लागते." काळू आडवा. जीभ बाहेर, डोळे उघडेच. डॉ. म्हणाले, "तसेच राहतात. त्याला आता काही कळत नाही."
तेवढ्यात शेपटी हलली. नजर माझ्या मागे, दाराकडे. वळून पाहिलं. कुणी नव्हतं.
नळीतून निघाला भाऊजींच्या चपलेचा अंगठा. अनवाणी चालणार म्हणून चपला इथेच ठेवल्यात. भूल उतरवायचं औषध चालू. रामरक्षा म्हणत बसले. शुद्धीवर आला. गजानना, तूच.

६, शुक्र.
सकाळी काळू दाराशी कुंईकुंई. उघडलं. बाहेर गेला नाही, बाजूला सरला, कुणाला वाट द्यावी तसा. मग भाऊजी नेहमी बसतात त्या खुर्चीपर्यंत सोबत चालत आल्यासारखा, आणि पायाशी बसतो तसा बसला. खुर्ची रिकामी.
हे म्हणाले, "चहा एक कप जास्त टाक." मी म्हटलं, असली थट्टा नको.

७, शनि.
परत तेच. डॉ. ना फोन. "अंमल कधीच उतरलाय, काकू. खातोय ना? मग झालं."
खातो. पण भाऊजी "घे" म्हणेपर्यंत थांबायची त्याची सवय आमच्याकडे मोडली होती. आता ताटलीसमोर बसून राहतो, खुर्चीकडे बघत. मग एकदम खायला लागतो.
मी काही बोललेली नसते.

९, सोम.
ह्यांची सेकंड शिफ्ट. निघण्याआधी स्टुलावर बसून जेवले. खुर्ची मोकळी होती.
भाऊजींनी लिहून ठेवलेल्या यादीप्रमाणे ते ज्या धर्मशाळेत ह्या आठवड्यात पोचणार, तिथे कार्ड टाकलं :
"सा. न. काळू बरा आहे, काळजी नसावी. आपण कुठवर पोचलात, पाय कसे आहेत, उलट टपाली दोन ओळी कळवाव्यात. कुणाकडून लिहवून घेऊ नये. आपल्याच अक्षरात असाव्यात."